चौकोनाबाहेरचे काका

आमच्या स्टुडिओत नवा कॅमेरा आला आणि घरात दोन पक्ष पडले. नवरा चौकोनी फोटोच्या बाजूचा, मी लांबट फोटोच्या. डहाणू स्टेशनकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. खाली स्टुडिओ, वर आम्ही. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लग्नाच्या ऑर्डरी, मधूनच एखाद्या चिकूवाडीत वाढदिवस. नवरा दुकानात बसून एडिटिंग आणि प्रिंटिंग बघायचा आणि मी गळ्यात कॅमेरा अडकवून गावोगाव हिंडायचे. बायकांच्या घोळक्यात घुसून फोटो काढायला बाईच बरी पडते, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे त्याचं उन्हात डोकं दुखतं. हे दुसरं कारण तो आजही मान्य करत नाही.

ही दोन हजार सोळाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा सगळ्यांना मोबाईलवर टाकायला चौकोनी फोटो हवे असायचे. नव्या कॅमेऱ्यात त्याची सोयच होती. मेनूत जाऊन चौकोन निवडला की मागच्या पडद्यावर चित्रही चौकोनीच दिसायचं. नवरा खूश. "नंतर कापत बसायला नको," म्हणायचा. मी म्हणायचे, "कापायचं असेल तर नंतर कापता येतं. जोडायचं असेल तर काय करशील?" यावर त्याच्याकडे उत्तर नसायचं, पण त्याने तो गप्प बसायचा असं नाही.

उत्तर मिळालं ते रानशेतच्या बचत गटामुळे. गटाच्या बायकांना तलासरीच्या एका प्रदर्शनात पापड-लोणच्याचा स्टॉल लावायचा होता आणि स्टॉलमागे टांगायला सगळ्यांचा मिळून एक लांबलचक फ्लेक्स हवा होता. मी गेले. भर उन्हात सगळ्या एका ओळीत उभ्या राहिल्या. एका टोकाला अध्यक्षबाई, दुसऱ्या टोकाला खजिनदार, म्हणजे मधल्या कुणी हलल्या तर दोन्हीकडून डोळे वटारता येतील. ऊन इतकं की मागच्या पडद्यावर मला माझाच चेहरा दिसत होता. अंदाजाने अंतर धरलं, "हसा" म्हटलं, आणि बटण दाबलं. कुणीही हसलं नाही, कारण अध्यक्षबाईंनी डोळे वटारले होते.

आदल्या दिवशी नवऱ्याने शेजारच्या दुकानदाराचे मोबाईलसाठी फोटो काढले होते आणि कॅमेरा चौकोनावरच ठेवून दिला होता. ते मला दुकानात आल्यावर कळलं. तोवर प्रिंट काढून झाली होती आणि अध्यक्षबाई ती बघायला जातीने आल्या होत्या.

त्यांनी फोटो हातात धरला. मग जवळ नेला. मग लांब धरला.

"हे कोपर कुणाचं?"

फोटोच्या डाव्या काठावर एक कोपर आणि हिरव्या बांगड्या दिसत होत्या. मी म्हटलं, "तुमचं."

"मग उरलेली मी कुठे आहे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने कॉम्प्युटरकडे बघितलं. फाईल उघडली, मोठी केली, डावीकडे सरकवली. कोपरापाशी फोटो संपत होता. उजवीकडे खजिनदारबाईंचा अर्धा खांदा होता, पुढे काही नाही.

"नाहीये," तो म्हणाला.

"नाहीये म्हणजे? मी तर उभी होते."

"कॅमेऱ्याने बघितलं तुम्हाला. पण चौकोनी फाईल बनवताना दोन्ही बाजू टाकून दिल्या."

"कुठे टाकल्या?"

"कुठेच नाही. टाकल्या म्हणजे गेल्या."

अध्यक्षबाईंना हे पटलं नाही. त्या उठल्या आणि प्रिंटरच्या मागे डोकावून आल्या. परत येऊन बसल्या तेव्हा मला हसू आवरेना, म्हणून मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर पळाले. दुसऱ्या दिवशी परत रानशेतला जाऊन, सावलीत, ओळ दोनदा तपासून, फोटो पुन्हा काढला. त्यात अध्यक्षबाई आणि खजिनदारबाई दोन्ही कडांना अख्ख्या आल्या. शिवाय हसल्यासुद्धा, पण फक्त त्या दोघीच.

त्या रात्रीच्या जेवणाला माझ्या घरात कॅमेऱ्याच्या विषयावर जे काही बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. नवऱ्याने कबूल केलं की मुळात कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर लांबटच असतो. चौकोन निवडला तरी तो सगळं लांबटच बघतो. आपण जर नुसती जेपेग फाईल घेत असू, तर कॅमेरा आतल्या आत दोन्ही बाजू कापतो आणि उरलेलं हातात देतो. तीनातला एक हिस्सा गेला तो गेला, कुठला कॉम्प्युटर तो परत आणू शकत नाही.

"म्हणजे चोवीस मेगापिक्सेलचा म्हणून घेतला आणि सोळाच वापरतोय?"

"चौकोनात, हो."

"आणि रॉ घेतली तर?"

रॉ हा आमच्या घरातला जुना वाद. रॉ म्हणजे सेन्सरने जे बघितलं ते काटछाट न करता जसंच्या तसं भरून ठेवलेली फाईल. जेपेगच्या कितीतरी पट मोठी. नवरा म्हणायचा की ती कार्ड खाते, हार्ड डिस्क खाते आणि आमचा म्हातारा कॉम्प्युटर तिला उघडताना धापा टाकतो. मी तेव्हाच कॅमेरा उचलला, रॉ आणि जेपेग दोन्ही चालू केल्या, चौकोन तसाच ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. पडद्यावर चौकोनी कॅलेंडर. जेपेग फाईलमध्येही चौकोनी कॅलेंडर. रॉ उघडली तर तीही आधी चौकोनीच दिसली. पण चौकोनाचा कोपरा माउसने धरून बाहेर ओढला, आणि अंधारातून वर यावं तशी बाजूची भिंत आली, बाजूचा पंखा आला, आणि पंख्याखाली माझा नवरा आला. कानात करंगळी घालून तो मनापासून कान खाजवत होता.

"मी तर फोटोत नव्हतो!"

"पडद्यावर नव्हतास."

"पुसून टाक."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. आमच्या कॅमेऱ्याची ही खोड मला त्या दिवशी कळली. रॉ फाईलमध्ये चौकोन हा फक्त एक निरोप असतो, की बाबा, उघडताना एवढंच दाखव. खालचं सगळं शाबूत असतं. त्यानंतर मी रॉ कधी बंद केली नाही. आणि त्या खोडीचा पुरेपूर फायदा घ्यायची संधी पुढच्याच उन्हाळ्यात उधव्याला मिळाली.

उधवा म्हणजे तलासरी तालुक्यातलं गुजरातच्या हद्दीला टेकलेलं गाव. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. भात आणि नाचणी पिकवणारं घर, अंगणात मोठा मांडव, मांडवाला मधोमध आणि कडेला लाकडी खांब. मी हळदीच्या सकाळीच पोचले. कॅमेऱ्याची पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच नवरीचा बाप मला बाजूला घेऊन गेला. भरदार माणूस, मिशा पिळलेल्या, छाती पुढे आणि हात कायम पोटावर.

"बेन, एक गोष्ट आधीच सांगतो. माझा भाऊ फोटोत नको."

"कुठला भाऊ?"

"तो काय. निळा शर्ट."

निळा शर्ट मांडवाच्या खांबावर चढून दिव्यांची माळ बांधत होता. बारीक, काटक, तोंडात सुतळीचं टोक. म्हणजे नवरीचे धाकटे काका. मी म्हटलं, "बरं." लग्नाच्या घरात फोटोवाल्या बाईने दुसरं काही म्हणायचं नसतं.

थोड्या वेळाने काका खांबावरून उतरले आणि सरळ माझ्याकडे आले.

"ताई, दादाबरोबर माझा एकही फोटो नको. मी पुतणीच्या लग्नाला आलोय. त्याच्या नाही."

मी पुन्हा "बरं" म्हटलं. मग चहा घेऊन नवरीची आई आली. तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं की दोघांचंही सांगून झालंय.

"भांडण कसलं आहे?" मी विचारलं.

तिने आधी इकडेतिकडे बघून घेतलं आणि म्हणाली, "क्रिकेटचं."

गावातल्या अंडरआर्मच्या स्पर्धेत मोठा भाऊ अंपायर होता. फायनलला धाकट्याला त्याने रनआऊट दिलं. धाकट्याचं म्हणणं, बॅट आत होती. मोठ्याचं म्हणणं, बॅट आत होती पण हवेत होती. त्या संध्याकाळपासून, म्हणजे कैक वर्षं, दोघं बोलत नव्हते. घरं शेजारशेजारची, विहीर एक, भाताची रोपं एकमेकांच्या शेतात लावायला जायचे, पण बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर नवरीच्या आईमार्फत. दोघांचे निरोप पोचवून पोचवून ती कंटाळून गेली होती.

"पोरीला सायकल शिकवली ती भावजींनी," ती म्हणाली. "तिला शाळेत न्यायचे, आणायचे. आता ती सासरी जाऊन अल्बम उघडणार, आणि त्यात काका नाही? ताई, तुम्ही काढा. ह्यांना कळू देऊ नका."

"पण ते तर फोटो बघायला मागणार."

"बघणारच. एकेक बघणार. त्यांचा तसाच स्वभाव आहे."

मी चहाचा घोट घेतला आणि मला आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर आठवलं. कॅमेरा काढला आणि मेनूत जाऊन चौकोन लावला. रॉ चालू आहे ना, ते दोनदा बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून चौकोनी फोटो काढणार होते. नवऱ्याला हे कळलं असतं तर त्याने पेढे वाटले असते.

हळद सुरू झाली. बाप मुलीशेजारी उभा राहिला, छाती पुढे, हात पोटावर. काका खांबाच्या पलीकडे हळदीचं ताट धरून. मी फोटो काढला. बाप लगेच आला.

"दाखवा."

मी पडदा दाखवला. चौकोनात मुलगी, बाप, आई. खांबही अर्धाच.

"तो नाही ना?"

"दिसतोय का?"

"नाही." आणि तो समाधानाने परत जाऊन उभा राहिला.

मग काका आले. "मी नाही ना आलो?"

"बघा तुम्हीच."

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "कुठपर्यंत आत आणि कुठपासून बाहेर?"

मी बोटाने दाखवलं. "त्या खांबापर्यंत आत. खांबाच्या पलीकडे बाहेर."

एवढी एक सूचना मी दिली, आणि माझ्या सगळ्या धंद्यात एवढी तंतोतंत पाळलेली सूचना दुसरी नसेल. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दादाचा फोटो असला की काका खांबाच्या पलीकडच्या हातभर जागेतून हलत नसत. आपण बाहेर आहोत म्हटल्यावर माणूस किती मोकळा होतो ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. ते तिथे उभं राहून लाडू खायचे. बँजो वाजायला लागला की खांद्यांनी नाचायचे. मी मात्र गंभीर चेहऱ्याने चौकोनाकडे बघत बटण दाबत होते आणि त्या क्षणी त्यांच्याकडे चुकूनही बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी काकांचं कुटुंब नवरीबरोबर फोटोला आलं. काका, काकू, त्यांची दोन मुलं, मध्ये नवरी. आता बापाची बाहेर जायची पाळी. तो तोंड वाकडं करून बाजूला झाला, अगदी माझ्या उजव्या हाताला, दुसऱ्या खांबापाशी.

"मी नाही ना येत?" त्याने लांबूनच विचारलं.

"खांबाच्या पलीकडे राहा," मी म्हटलं. "अजिबात येणार नाही."

तो खांबाच्या पलीकडे झाला. मी फोटो काढला. कामाच्या गडबडीत माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मला वाटलं, तो रागाने दुसरीकडे बघत असेल.

लग्न पार पडलं, मुलगी सासरी गेली, आणि काही दिवसांनी नवरीची आई फोटो निवडायला एकटीच डहाणूला आली. घरी सांगितलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. नवऱ्याने तिला कॉम्प्युटरसमोर खुर्ची दिली. आधी त्याने चौकोनी जेपेग दाखवल्या. सगळे छान, सगळे सुटसुटीत, एकातही दोन भाऊ एकत्र नाहीत.

"काका?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

मी नवऱ्याला म्हटलं, "रॉ उघड."

कॉम्प्युटरने नेहमीप्रमाणे धापा टाकल्या. हळदीचा फोटो आला. मी कोपरा धरला आणि ओढला.

खांबाच्या पलीकडून काका आले. एका हातात ताट, आणि दुसरा हात पोटावर. छाती पुढे काढलेली. वरच्या ओठावर मिशांच्या जागी हळदीची दोन बोटं. बाजूला मोठा भाऊ अगदी तसाच उभा, फक्त त्याच्या मिशा खऱ्या होत्या.

नवरीच्या आईने पदर तोंडाला लावला. "अगो बाई, भावजी ह्यांची नक्कल करतायत!"

पुढचा फोटो ओढला. तोंडात अख्खा लाडू, गाल फुगलेले. पुढचा. खांद्यांचा नाच. पुढचा. मुलीला हळद लावताना बापाने डोळे पुसले, तो फोटो. चौकोनात बाप रुमाल धरून. चौकोनाबाहेर काका मांडवाच्या लोंबत्या कापडाला डोळे पुसतायत. नवऱ्याने उगीचच कीबोर्ड झटकला.

मग काकांच्या कुटुंबाचा फोटो आला. मी उजवा कोपरा ओढला. मला वाटलं होतं तिथे एक चिडलेली पाठ असेल.

खांबाच्या पलीकडे नवरीचा बाप होता. पोट आत घेतलेलं, श्वास रोखलेला. मिशांवरून नुकताच हात फिरवलेला, कारण हात अजून अर्ध्यावरच होता. नजर थेट कॅमेऱ्यात. तो धाकट्या भावाच्या कुटुंबाच्या फोटोत, आपण येणार नाही हे पक्कं विचारून घेऊन, फोटोसाठी उभा होता.

"हाच," नवरीची आई म्हणाली. "हा मोठा करा. फ्रेम करा. आपल्या भिंतीवर."

"आणि अल्बम?"

"पोरीच्या सासरी चौकोनी पाठवा. ती माणसं नवी आहेत, त्यांना आताच कशाला घाबरवा. पोरीला मात्र लांबट द्या."

फ्रेम पोस्टाने किंवा जीपवाल्याबरोबर पाठवता आली असती. पण हा तमाशा मला चुकवायचा नव्हता. मी स्वतः घेऊन गेले, आणि लॅपटॉपही बरोबर घेतला. चारोटीला उतरून चहा घेतला तेव्हा नवऱ्याचा फोन आला, "उगीच भांडणात पडू नकोस." मी म्हटलं, "मी कशाला पडते? मी फक्त फ्रेम द्यायला चाललेय."

उधव्याला पोचले तर अंगणातला मांडव उतरवलेला, बाप ओटीवर बसलेला. नवरीच्या आईने फ्रेम माझ्या हातातून घेतली आणि कागद फाडून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती उचलून उजेडाकडे धरली.

"हा फोटो मी काढायला सांगितला नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

"मी खांबाच्या पलीकडे होतो."

"होतात."

"तुम्ही म्हणालात, अजिबात येणार नाही."

"पडद्यावर आलाच नव्हतात. फाईलमध्ये आलात. फोटो चौकोनी काढला तरी कॅमेऱ्याने कडा जपून ठेवल्या होत्या."

तो विचार करू लागला. अंपायर राहिलेला माणूस, नियम समजून घ्यायला त्याला वेळ लागला नाही. एकदम त्याने मान वर केली.

"म्हणजे माझ्या फोटोंमध्ये तोही असेल!"

नवरीच्या आईने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला.

तेवढ्यात काका ओटीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. फ्रेम आल्याची बातमी त्यांना कुणी दिली ते मला माहीत नाही, पण नवरीच्या आईच्या चेहऱ्यावर फार साळसूद भाव होता. ते वर आले नाहीत. पायरीवर एक पाय ठेवून मान लांब करून बघत राहिले.

मी हळदीचा फोटो उघडला. चौकोन. मग कोपरा ओढला.

बापाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. आधी स्वतःकडे बघितलं, मग हळदीच्या मिशांकडे, मग पुन्हा स्वतःकडे. आपोआप त्याचा हात पोटावर गेला, आणि गेलेला लक्षात येताच त्याने तो झटकन मांडीवर ठेवला.

"मी असा उभा राहतो?" त्याने बायकोला विचारलं.

उत्तर पायरीवरून आलं. "अस्साच."

नवरीच्या आईचा हात तोंडावर गेला. इतक्या वर्षांनी तिच्या मदतीशिवाय एक शब्द या भावाकडून त्या भावाकडे गेला होता. बाप हळूच वळला. मला वाटलं, आता लॅपटॉप जातो माझा.

"आणि तू असा खातोस?" तो म्हणाला. त्याने स्वतःच पुढचं बटण शोधून काढलं होतं, कोपराही ओढला होता, आणि लाडवाचा फोटो समोर होता. "अख्खा लाडू? माणसं बघत नव्हती का?"

"मी बाहेर होतो."

"बाहेर होतास म्हणून काय झालं? घरची अब्रू बाहेर नसते का?"

"आणि तू पोट आत घेतलंस ते? कुणासाठी? फोटो आमचा होता!"

"मी पोट आत घेतलेलंच नाही. ते तसंच आहे."

"वहिनी, ऐकलंत? तसंच आहे म्हणतो."

"मला मध्ये घेऊ नका," वहिनी म्हणाली. "आता तुमचं तुम्ही बोला." आणि ती आत जाऊन भांडी घासायला लागली. आतून तिचं हसणं भांड्यांच्या आवाजात मिसळून ऐकू येत होतं.

काका ओटीवर आले. दोघं लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले आणि सगळे फोटो एकेक करून ओढून बघू लागले. प्रत्येक फोटोवर भांडण. कोण काळा आलाय, कुणाच्या शर्टाचं बटण तुटलंय, बँजोवाल्यांना जेवायला वाढलं की नाही. डोळे पुसल्याचा फोटो आला तेव्हा मात्र दोघांनीही कोपरा ओढला नाही. मीही ओढला नाही. बापाने पटकन पुढचा लावला.

गळाभेट वगैरे काही झाली नाही. भांडत भांडत संध्याकाळ झाली, मला एसटी गाठायची होती, आणि लॅपटॉप परत मिळवायला मला तीनदा मागावा लागला. फ्रेम ओटीवर टांगली गेली. नंतर कळलं की मोठा भाऊ आलेल्या प्रत्येकाला सांगतो, मी मध्येच होतो, कॅमेरावालीने मला कडेला ढकललं. धाकटा सांगतो, दादा आमच्या फोटोत घुसला. ही तक्रार ते आता एकमेकांसमोर करतात.

या प्रकरणाची बातमी तलासरीच्या बाजारात पोचली आणि तिथून आमच्याकडे यायला वेळ लागला नाही. पण येताना ती बरीच वाढली. डहाणूच्या त्या स्टुडिओतला कॅमेरा खांबाच्या आरपार बघतो, असं झालं. मग माणसं यायला लागली. एका पूजेतून कुणाच्या तरी नव्या चपला गेल्या होत्या, ते गृहस्थ म्हणाले, पूजेचा फोटो तुम्हीच काढला होता, जरा दाराकडची बाजू ओढून दाखवा. मी समजावलं की कॅमेऱ्यासमोर जेवढं होतं तेवढंच येतं, मागचं दार येत नाही. एक आजोबा जुना अल्बम घेऊन आले, त्यांना छापील फोटोची कड ओढून हवी होती. नुसती जुनी जेपेग फाईल घेऊन एक जण आला, त्याला नवऱ्याने रानशेतच्या अध्यक्षबाईंची गोष्ट सांगून परत पाठवलं. नवरा आता ती गोष्ट फार रंगवून सांगतो. त्याच्या गोष्टीत चौकोन मी लावलेला असतो.

सगळ्यात शेवटी आला तो एक तरुण. उधव्याच्या त्याच लग्नात तो नवऱ्या मुलाचा मित्र म्हणून आला होता. केस ओले करून विंचरलेले, आवाज खाली.

"ताई, त्या लग्नातले बाजूचे फोटो... तुमच्याकडे अजून आहेत?"

"आहेत की."

"त्यात मी डावीकडे उभा असेन. एका ठिकाणी. म्हणजे एकटा नसेन."

मी तो फोटो केव्हाच बघितला होता. त्याच्या शेजारची मुलगी गोड हसत होती.

"माझ्या घरून फोटो मागायला येतील. तुम्ही ते बाजूचं पुसाल का?"

मला त्याची दया आली. मी त्याला चौकोनी जेपेग पेन ड्राइव्हवर भरून दिल्या. "हे घरी दे. यांच्या कडेला खरंच काही नाही. कुणी कितीही ओढलं तरी काही निघणार नाही."

"नक्की?"

"नक्की. आमच्या अध्यक्षबाईंना विचार."

तो उड्या मारत गेला. पुढच्या आठवड्यात त्याची आई आली. पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला, खुर्ची ओढून बसली.

"हे चौकोनी नको," ती म्हणाली. "ते दुसरे दाखवा. ओढायचे."

मी म्हटलं, "मावशी, आज कॉम्प्युटर बंद आहे."

माझ्या पाठीमागे कॉम्प्युटर धापा टाकत होता आणि नवरा त्याच्यावर कुणाचा तरी पासपोर्ट फोटो उजळत बसला होता. मावशीने माझ्या खांद्यावरून तिकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा काढून सोलायला घेतल्या.

"असू दे," ती म्हणाली. "मला घाई नाही."